जेवायला बसलं की जबड्याखाली सूज: लाळग्रंथीतला खडा आणि ग्रंथी वाचवण्याचा प्रश्न

तुमचा प्रश्न इतरांनाही समजावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमचं वय ४६, शाळेत शिकवता. दोन वर्षांपासून जेवायला बसलं की उजव्या जबड्याखाली सूज येते, ठणका लागतो आणि तास-दीड तासात सगळं ओसरतं. मधूनमधून ताप येऊन अँटिबायोटिकचे कोर्स झाले. दाढेचं दुखणं समजून अक्कलदाढही काढून झाली. आता सोनोग्राफीत ९ मिलिमीटरचा खडा दिसला आहे, जिथून ग्रंथीची नळी सुरू होते त्या जागी. एका सर्जनने पूर्ण ग्रंथी काढायला सांगितलं आहे. तुम्ही विचारता: औषधाने खडा विरघळेल का, हा कॅन्सर तर नाही ना, ग्रंथी काढली तर तोंड कोरडं पडेल का, आणि मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आहे, तोवर थांबलं तर चालेल का.

तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय अखेरचा शब्द देता येणार नाही. पण कान-नाक-घसा शस्त्रक्रियेत बरीच वर्षं काढल्यावर माझं मत स्पष्ट आहे: ग्रंथी काढणं हा तुमच्यासाठी पहिला उपाय नाही, शेवटचा आहे. फक्त खडा काढून ग्रंथी जागेवर ठेवता येईल का, याचं उत्तर आधी मिळवा. ते दुसऱ्या मताशिवाय मिळणार नसेल तर दुसरं मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

आधी हे होतं कसं ते पाहू. आपल्याला मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढे गालात, जबड्याखाली आणि जिभेखाली. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. दहापैकी आठ-नऊ खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात आणि त्याला कारण तिची रचना आहे. तिची लाळ जास्त चिकट असते, तिच्यात कॅल्शियमचं प्रमाण जास्त असतं. नळी सुमारे पाच सेंटिमीटर लांब, मागे एका स्नायूच्या कडेला वळसा घालून वर चढणारी. म्हणजे लाळेला उलट्या दिशेने, खालून वर जावं लागतं. आणि जिभेखाली मधोमध जिथे ती उघडते ते छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. शेतात ठिबकच्या नळीत क्षार साचून ड्रिपर बंद पडतात, तसंच इथे घडतं. आधी चिकट स्रावाचा किंवा जंतूंचा एखादा सूक्ष्म कण अडकतो, त्याच्यावर कॅल्शियम फॉस्फेटचे थर चढत जातात. ही वाढ फार सावकाश असते, वर्षाला साधारण एक मिलिमीटर असा अंदाज आहे. त्या हिशेबाने तुमचा खडा तुमच्या दुखण्यापेक्षा बराच जुना असणार. तो मुकाट्याने वाढत होता. लाळेची वाट पुरेशी अडली तेव्हा त्रास सुरू झाला.

जेवतानाच का दुखतं हेही यातच आलं. घास तोंडात जायच्याही आधी, नुसता फोडणीचा वास आला किंवा चिंचेची आठवण झाली तरी तोंडाला पाणी सुटतं. ग्रंथी जोरात लाळ सोडते, पुढे वाट नसते, ग्रंथी ताणली जाते. जेवण संपलं की लाळ हळूहळू खड्याच्या कडेने झिरपून जाते आणि सूज उतरते. जेवणाशी जोडलेली ही चढउतार इतकी ठळक असते की रुग्णाचं बोलणं नीट ऐकलं तरी निदान बरंचसं तिथेच होतं. तरीही अनेकांची आधी दाढ काढली जाते, कारण दुखणं जबड्यात जाणवतं आणि दाढेत काही ना काही सापडतंच.

आता खाण्याबद्दल, कारण खड्याचं नाव निघालं की घरात पहिल्यांदा टोमॅटो, पालक आणि दूध बंद होतं. ही पथ्यं मुतखड्याची म्हणून लोक पाळतात. मुतखडे बहुतेक ऑक्झलेटचे असतात, लाळेतले खडे फॉस्फेटचे. शिवाय लाळेत खडा झालेल्या बहुसंख्य लोकांच्या रक्तातलं कॅल्शियम अगदी व्यवस्थित असतं. म्हणून दूध सोडू नका. तुमच्या वयात हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्याही या कारणासाठी बंद करू नका. लाळ कमी किंवा घट्ट करणाऱ्या गोष्टींकडे मात्र लक्ष द्या: सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची काही जुनी औषधं, लघवी जास्त होण्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आणि धूम्रपान. यातलं एखादं औषध चालू असेल तर स्वतःहून थांबवू नका. ज्यांनी लिहून दिलं त्यांना खड्याबद्दल सांगून विचारा.

आणि पाणी. शाळेतल्या शिक्षिका, एसटीच्या महिला वाहक, दिवसभर शेतात असणाऱ्या बायका माझ्याकडे येतात आणि विचारलं की सांगतात, स्वच्छतागृह नीट नसतं म्हणून आम्ही पाणीच कमी पितो. पाणी कमी प्यायल्यानेच खडा होतो असं मी म्हणणार नाही, एकट्या त्या कारणावर बोट ठेवता येत नाही. पण शरीरात पाणी कमी असलं की लाळ मंदावते, घट्ट होते, आणि खडा असलेल्या ग्रंथीत जंतुसंसर्ग व्हायला ते पुरतं. निर्जळी उपवास किंवा उन्हाळ्यातला लांबचा प्रवास झाल्यावर दुखणं उसळलं, असं बरेच जण सांगतात. खडा निघेपर्यंत तरी निर्जळी उपवास करू नका.

औषधाने विरघळेल का? नाही. पोटात घेतलेल्या कोणत्याही औषधाने लाळेतला खडा विरघळत नाही. मुतखड्यासाठी जी सायट्रेटची सिरप देतात ती लघवीत उतरून लघवीचा गुणधर्म बदलतात, म्हणून तिथे काही प्रकारच्या खड्यांवर त्यांचा उपयोग होतो. लाळेत तसं घडत नाही. पाषाणभेदाच्या काढ्याबद्दलही मला सतत विचारलं जातं. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे, पण ९ मिलिमीटरचा टणक खडा काढ्याने गेल्याचं मी पाहिलेलं नाही आणि त्या आशेवर महिने घालवू नका. दोन-तीन मिलिमीटरचे, नळीच्या पुढच्या भागातले खडे मात्र कधीकधी आपोआप पडतात. जेवताना पिवळसर कण तोंडात येतो आणि एकदम मोकळं वाटतं. असा कण मिळाला तर टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरी काय करता येतं तेही सांगते, कारण शस्त्रक्रियेपर्यंतचे दिवस सुसह्य व्हायला हवेत. जेवणाच्या आधी भरपूर पाणी प्या. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने जबड्याखाली पाच-दहा मिनिटं शेका. मग जबड्याच्या मागच्या कोपऱ्यापासून हनुवटीकडे, मागून पुढे, बोटांनी सावकाश दाबत या. (गालातल्या ग्रंथीत खडा असेल तर हीच दिशा कानापुढून ओठाच्या कोपऱ्याकडे.) लिंबाची फोड किंवा आवळा चोखायला बहुतेक डॉक्टर सांगतात, मीही सांगते, पण एका अटीवर. लाळ थोडीतरी वाहत असेल तरच त्याचा उपयोग. सूज टणक झाली असेल, नळी पूर्ण बंद असेल, तर आंबट खाऊन ग्रंथीवरचा ताण आणि वेदना फक्त वाढतात. दिवसभर लिंबू चोखत राहिल्याने दातांचं वरचं आवरणही झिजतं, म्हणून जेवणानंतर थोडा वेळ पुरे. मधुमेह असेल तर साखर नसलेली आंबट गोळी घ्या. जिभेखाली पांढरा ठिपका दिसला म्हणून पिन, सुई, दातकोरणं यांनी उकरायला जाऊ नका. खडा मागे सरकतो, नळीला जखम होते, तिथे व्रण धरून ती आणखी अरुंद होते आणि पुढचं काम अवघड होऊन बसतं.

अँटिबायोटिकचं काम मर्यादित आहे. ताप असेल, जबड्याखालची त्वचा लाल झाली असेल, जिभेखालच्या छिद्रातून पू येत असेल, तेव्हा ते हवंच, आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पूर्ण घ्यायचं. पण नुसती जेवणापुरती सूज येऊन उतरत असेल तर तो जंतुसंसर्ग नाही, अडथळा आहे, आणि अँटिबायोटिकने अडथळा हटत नाही. वर्षात दोन-तीन कोर्स झाले की खडा काढण्याचं बोलणं व्हायलाच हवं.

एक धोक्याची सूचना इथेच देते. ताप आणि सुजेसोबत तोंड उघडेनासं झालं, जिभेखालचा भाग कडक होऊन जीभ वर उचलली गेली, गिळता येईना, आवाज घोगरा-जड झाला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जा. पू मानेच्या खोल भागात पसरतो आणि श्वासनलिकेचा मार्ग दाबतो. मधुमेही लोकांत हे फार वेगाने होतं.

कॅन्सरची भीती तुम्ही शेवटी हळूच लिहिली आहे, पण रात्री झोप त्याच विचाराने जात असणार. जेवणाबरोबर येणारी-जाणारी, दुखणारी सूज आणि सोनोग्राफीत स्पष्ट दिसणारा खडा, हे चित्र खड्याचंच आहे आणि खड्याचा पुढे कॅन्सर होत नाही. ग्रंथीतली गाठ सहसा वेगळी वागते: दुखत नाही, जेवणाशी संबंध नसतो, उतरत नाही, सावकाश वाढत राहते. जबड्याखालच्या ग्रंथीत अशी कायमची टणक गाठ असेल तर सोनोग्राफी आणि सुईची तपासणी टाळू नये, कारण या ग्रंथीतल्या गाठींमध्ये कॅन्सरचं प्रमाण कमी नाही. आपल्याकडे क्षयाच्या लसीकागाठीही याच जागी येतात. त्याही जेवणाने कमी-जास्त होत नाहीत. आणि तंबाखू, गुटखा, मशेरी यांची सवय असलेल्या माणसात जिभेखालची न भरणारी जखम नळीचं तोंड दाबून अगदी खड्यासारखी सूज आणू शकते. म्हणून अशा रुग्णाचं तोंड चांगल्या उजेडात, जीभ उचलून, हात लावून तपासलंच पाहिजे.

तपासणी म्हटलं तर सगळ्यात महत्त्वाची फुकट आहे. डॉक्टर एक बोट तोंडात जिभेखाली ठेवतात, दुसऱ्या हाताने जबड्याखालून वर दाबतात आणि दोन्हींच्या मध्ये खडा चाचपतात. तो बोटाला लागतो की नाही, यावर पुढचं बरंच ठरतं. तुमच्या पत्रात या तपासणीचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम लिहिते: ती करून घ्या. सोनोग्राफीत दोन मिलिमीटरच्या वरचे बहुतेक खडे दिसतात, मात्र करणाऱ्याचा हात सरावलेला हवा. दातांच्या दवाखान्यात काढलेल्या पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये हाडाच्या सावलीत खडा लपू शकतो, आणि जबड्याखालच्या ग्रंथीतलेही काही खडे एक्स-रेवर उमटतच नाहीत. त्यामुळे ‘एक्स-रे साफ आहे’ म्हणजे खडा नाही, असं होत नाही. शस्त्रक्रियेआधी साधा, इंजेक्शनशिवायचा सीटी स्कॅन मला आवडतो. खडे एकापेक्षा जास्त आहेत का आणि नेमके कुठे आहेत, ते त्यात कळतं. एक काढला आणि मागे दुसरा राहिला, ही निराशा त्याने टळते.

आता मुख्य मुद्दा. वैद्यकीय शिक्षणात दीर्घकाळ असं शिकवलं गेलं की खडा नळीच्या पुढच्या भागात असेल तर तोंडातून काढा, मागे असेल तर ग्रंथीच काढा, कारण इतकी वर्षं तुंबलेली ग्रंथी निकामी झालेली असते. १९९०च्या दशकात नळीत जाणारी बारीक दुर्बीण आली, सायलेंडोस्कोपी, साधारण एक मिलिमीटर जाडीची, आणि हा विचार बदलू लागला. खड्यापायी काढून टाकलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याचशा जवळजवळ निरोगी निघाल्या. किती वर्षं दुखत होतं यावरून ग्रंथी किती बिघडली हे ठरवता येईना. खडा निघून वाट मोकळी झाली की ग्रंथी पुन्हा लाळ देऊ लागते, हेही चाचण्यांत दिसलं. म्हणून आज आमच्यापैकी अनेकांचा आग्रह असतो की खडा काढा, ग्रंथी ठेवा.

कोणत्या खड्याला काय, ते आकार आणि जागेवर ठरतं. नळीच्या पुढच्या भागात, बोटाला लागणारा खडा असेल तर जागा बधिर करून, नळीवर छोटा छेद देऊन तो काढता येतो. तो मागे निसटू नये म्हणून त्याच्यामागे आधी एक टाका घेतात. छेद बहुधा उघडाच ठेवतात, म्हणजे लाळेला नवी रुंद वाट मिळते. याला महागडं यंत्र लागत नाही. सुटा हलणारा, जबड्याखालच्या ग्रंथीत चार आणि गालातल्या ग्रंथीत तीन मिलिमीटरपर्यंतचा खडा दुर्बिणीतून तारेच्या बारीक जाळीत पकडून बाहेर आणतात. त्याहून थोडा मोठा असेल तर आतच लेसरने फोडून तुकडे काढतात. बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडायची पद्धतही आहे, जर्मनीत ती बरीच वापरली गेली. पण तिला खास छोटं यंत्र लागतं, मुतखड्याच्या यंत्रावर जाऊन हे करून घेता येत नाही.

तुमचा खडा ९ मिलिमीटरचा आणि ग्रंथीच्या तोंडाशी. जाळीत तो मावणार नाही, लेसरने फोडायला फार वेळ लागेल. पण तो बोटाला लागत असेल तर पूर्ण भूल देऊन तोंडाच्या आतूनच, जिभेच्या कडेला छेद घेऊन काढता येण्याची शक्यता चांगली आहे. गळ्यावर व्रण राहत नाही. सोबत दुर्बीण असेल तर खडा काढल्यावर आत आणखी काही राहिलं नाही ना, हे लगेच पाहता येतं. यातला खरा धोका जिभेच्या संवेदनेच्या नसेचा. ती बरोबर याच भागात नळीच्या खालून जाते, त्यामुळे सरावलेले हात लागतात. जिभेची एक बाजू काही दिवस किंवा आठवडे बधिर वाटू शकते. बहुतेकांची संवेदना परत येते. याशिवाय जिभेखाली लाळेचा फुगा येणं, नळी आकसणं आणि काही जणांत काही वर्षांनी पुन्हा खडा होणं, हेही घडू शकतं. ज्यांना तोंड पूर्ण उघडता येत नाही, गुटख्यामुळे ज्यांचे गाल आतून कडक झालेत, त्यांच्यात तोंडातून काम करणं खूप अवघड जातं.

मग ग्रंथी कधी काढायची? खडा ग्रंथीच्या आत खोल रुतलेला आणि बोटाला न लागणारा असेल, वारंवार पू होऊन ग्रंथी आक्रसून कडक झाली असेल, किंवा तोंडातून केलेला प्रयत्न फसला असेल तर. ही शस्त्रक्रिया जुनी आणि चांगली रुळलेली आहे, तिला घाबरून बसायचं कारण नाही. जबड्याच्या दोन बोटं खाली, मानेच्या वळीत छेद घेतात. ओठाचा खालचा कोपरा हलवणारी नस जवळ असते, त्यामुळे काही दिवस हसताना ओठ वाकडा वाटू शकतो, बहुधा तात्पुरता. जीभ हलवणाऱ्या नसेला इजा फार क्वचित होते. तोंड कोरडं पडेल का, तर एका बाजूची ग्रंथी गेल्यावर बाकीच्या पाच मोठ्या आणि शेकडो छोट्या ग्रंथी बहुतेकांना पुरतात. थोड्यांना रात्री किंवा जेवणाव्यतिरिक्तच्या वेळी कोरडेपणा जाणवतो, कारण विश्रांतीच्या वेळची बरीचशी लाळ जबड्याखालच्या ग्रंथींचीच असते. जी ग्रंथी वाचू शकते ती वाचवा असं मी म्हणते, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा कान-नाक-घसा किंवा मुख-जबडा शल्यचिकित्सकांकडे जा. सीटी स्कॅनची मूळ फिल्म किंवा सीडी सोबत न्या, नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. त्यांना सरळ विचारा: खडा बोटाला लागतो का? तोंडातून काढायचं काम तुम्ही नेहमी करता का? नाही निघाला तर त्याच भुलेत ग्रंथी काढणार, की मला आधी उठवून विचारणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर संमतीपत्रावर लिहिलेलं असतं, म्हणून सही करण्याआधी वाचा. बारीक दुर्बीण मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत मिळते, ती नाजूक आणि महाग असते, जाळी बहुधा एकदाच वापरायची असते, त्यामुळे खर्च वाढतो. जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही जरूर दाखवा. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, आणि खासगी विमा असेल तर मंजुरी शस्त्रक्रियेपूर्वी घ्या.

लग्नाबद्दल. ताप नाही, पू नाही आणि सूज जेवणानंतर पूर्ण उतरते आहे, तर दोन महिने थांबायला हरकत नाही. अशा शांत काळातच शस्त्रक्रिया ठरवणं बरं, पेटलेल्या ग्रंथीवर आम्ही सहसा हात टाकत नाही. पण तपासणी आणि सीटी स्कॅन आत्ताच करून ठेवा आणि लग्नानंतरची तारीख घेऊन ठेवा. दुखणं वाढलं तर कोणतं औषध घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन कागद पर्समध्ये असू द्या; रक्तदाब, ॲसिडिटी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वेदनाशामक गोळीही विचारूनच. लग्नघरात आईचं पाणी पिणं सगळ्यात आधी राहतं, म्हणून बाटली कोणाकडे तरी सोपवा आणि त्या माणसाला दर तासाला आठवण करायला सांगा. मध्येच ताप आला किंवा सूज उतरेनाशी झाली, तर मग हळदीचा दिवस असला तरी डॉक्टरांकडे जायचं.